राखाडी कानपट्टी

सायकलची घंटी वाजली तेव्हा बाबा तिच्या थोडे पुढे चालत होते. रायपूरच्या तेलीबांधा तळ्याभोवतीची वाट सकाळी माणसांनी भरलेली असते. कोणी पळतं, कोणी कुत्र्याला ओढतं, कोणी बाकावर बसून चहाचा कागदी कप दोन्ही हातांत धरून नुसतं पाण्याकडे बघतं. घंटी पुन्हा वाजली. देवश्री आपोआप कडेला झाली, तिच्या मागची बाई कडेला झाली, बाकावरच्या कुत्र्यानेसुद्धा मान वळवली. बाबा मधोमध चालत राहिले, हात मागे बांधून. मग ब्रेक करकरला, सायकलचं हँडल त्यांच्या कोपराला घासून गेलं आणि सायकलवाला पोरगा पुढे जाऊन ओरडला, ''ओ चाचा, बहरे हो क्या?'' बाबा अडखळले, सावरले आणि हसले. हसत हसत त्यांनी डोक्याभोवतीच्या राखाडी कानपट्टीला बोट लावून दाखवलं, जणू त्या पोराला उत्तर देणं लागत होते. तिच्याकडे वळून म्हणाले, ''तुह्या या कानपट्टीनं तं जगच बंद होऊन जाते, देवू. काय घट्ट विणली व!'' तीही हसली. मग त्या पट्टीकडे बघत राहिली. तिने विणलेली वस्तू. त्या वस्तूमुळे एक माणूस सायकलखाली येता येता राहिला होता. आणि हा माणूस उद्या सकाळी रुळांवर चालणार होता.

बाबा, म्हणजे श्यामराव बोरकुटे, रेल्वेत कीमॅन होते. दररोज सकाळी खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन आपल्या वाटणीच्या रुळांवरून एकट्याने चालायचं, रूळ स्लीपरला पकडून ठेवणाऱ्या चाब्या ढिल्या झाल्यात का बघायचं, झाल्या असतील तर ठोकायच्या, आणि गाडी आली की बाजूला व्हायचं. हिवाळ्यात हे काम जास्त, कारण थंडीने लोखंड आकसतं आणि रूळ ओढले जातात. तिला लहानपणी हे सांगताना बाबा दोन्ही हातांनी टॉवेल ताणून धरायचे. फिजिक्समध्ये एम.एस्सी. करताना प्रसरणांक वगैरे शिकली तेव्हा प्रत्येक वेळी तिला तो टॉवेल दिसायचा. आता ती नवा रायपूरच्या रस्त्यावरच्या एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये होती. दुसऱ्यांचे तराजू, दुसऱ्यांचे थर्मामीटर किती खोटं बोलतात ते शोधून त्यावर तसं लेबल चिकटवायचं, हे तिचं काम. बाबांच्या रेस्टच्या दिवशी ते तिला स्कूटरवर लॅबपर्यंत सोडायचे आणि वेळ असला की आधी दोघं तळ्याला एक चक्कर मारायचे.

कानटोपीने बाबांचं डोकं खाजायचं आणि मफलर हातोडा मारताना सुटायचा, म्हणून कानपट्टी. लोकर गोल बाजारातून आणलेली, राखाडी, कारण धूळ दिसत नाही. विणणं अगदी सोपं होतं. कपाळापासून कानांवरून मागे जाणारी एक रुंद पट्टी, एक टाका सुलट, एक उलट, म्हणजे ती ताणली जाते आणि सोडली की परत येते. आईने, विनोदिनीने, सुया दिल्या आणि डोक्याचं माप द्यायला नकार दिला. ''माप घेऊन विणशीन तं ढिली होईन. डोक्याहून लहान विण. लोकर मोठी होते, डोकं नाही होत.'' देवश्रीला हे आवडलं. आधी नमुन्याचा चौकोन विणून त्यात किती टाके बसतात ते पाहून तिने हिशेब केला आणि मग त्यातले थोडे टाके कमी केले. एकाच धाग्याचे फास, एकात एक अडकवलेले, कुठेही गाठ नाही. एक टोक ओढलं तर सगळं पुन्हा सरळ धागा. रोज ती बसमध्ये विणायची. नवा रायपूरकडे जाणाऱ्या बसेस कमी, रस्ते मात्र इतके रुंद की बस चालते आहे असं वाटतच नाही, आणि त्या रिकाम्या रुंदीतून जाताना हातातली सुलट-उलट बरी वाटायची. झाल्यावर आई म्हणाली, काहीतरी सजव, नुसतं पट्टं दिसते. म्हणून तिने दोन्ही कडांना पिवळ्या लोकरीने साखळी टाका घातला. बाबा आरशासमोर मान इकडेतिकडे करून म्हणाले, ''मले का नवरदेव बनवून राहिल्या का मायलेकी?'' पण काढली नाही. जेवायलाही ती घालूनच बसले.

सायकलच्या प्रसंगाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भैय्यालाल आला. तो बाबांच्या रूळ-दुरुस्तीच्या गँगमधला, बलौदाबाजारकडचा छत्तीसगढी, अंगाने बारीक आणि आवाजाने मोठा. क्वार्टरच्या फाटकातूनच त्याचा आवाज आत यायचा. बाबांच्या डोक्यावर कानपट्टी पाहून तो दारातच थबकला. ''अरे वा, बोरकुटे जी! ए का पहिरे हस?'' मग तिच्याकडे बघून म्हणाला, ''बेटी, कान ला बाँध के पटरी म कोनो रेंगथे का? साहब देख लेगा तो वहीं के वहीं उतरवा लेगा.'' आणि खुर्चीत बसत त्याने हसत हसत सांगितलं की सेफ्टीच्या क्लासात दर हिवाळ्यात हेच सांगतात. रुळांवर कान झाकायचे नाहीत. मफलर गळ्यात, कान मोकळे. ''हमर गाड़ी अब चुपचाप आती है न. पहले का इंजन तो दो कोस से चिल्लाता था. अब तो बिजली वाला है, पीछे आके खड़ा हो जाएगा और बोलेगा, राम राम चाचा.'' बाबा त्याच्या तोंडाकडे बघत हसत होते. आईने चहा आणला. देवश्रीला मात्र हात कुठे ठेवावे कळेना. इतके दिवस बसमध्ये बसून, टाके मोजून, कडेला पिवळी साखळी घालून तिने बापाच्या कानांवर काय बांधलं होतं? आणि बाबांना हा नियम माहीत असणारच. तरी ते ती घालून गेले. पोरीचं मन राखायला. त्या रात्री तिला हेच वाटलं आणि त्या वाटण्यात भीतीइतकंच, थोडंसं, सुखही होतं.

म्हणून तिने दुसरी विणायला घेतली. प्रश्न सरळ होता: कान गरम राहिले पाहिजेत आणि आवाज आत आला पाहिजे. लोकर मुळात आवाज फारसा अडवत नाही. खालचे, जाड आवाज तर सहज आत जातात, अडतात ते वरचे, बारीक, म्हणजे शिटीचे, घंटीचे. दाट सुलट-उलट विणीने ते अडत असतील. मग कानांच्या जागी जाळी ठेवायची. आईकडून तिने जाळीची वीण शिकून घेतली: धागा पुढे घ्यायचा, दोन टाके एकत्र विणायचे, पुन्हा धागा पुढे. जिथे धागा पुढे येतो तिथे एक भोक राहतं. चुकून सुटलेल्या टाक्यासारखं दिसतं, पण ते मुद्दाम ठेवलेलं असतं आणि म्हणून उसवत नाही. दोन्ही कानांवर तिने पानाच्या आकाराची जाळी काढली, कडांना पुन्हा पिवळी साखळी. बाबांनी पट्टी हातात घेऊन उजेडाकडे धरली. ''हे भोकं काहून पाडले व?''

''डिझाईन आहे, बाबा.''

''डिझाईन!'' त्यांनी बोट एका भोकातून घालून हलवलं. ''उंदरानं कुरतडल्यावानी दिसते.'' पण लगेच चढवली.

आणि तपासायचं ठरवलं ते तिनेच. लॅबची सवय. नवी वस्तू केली की ती काय करते ते मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. मागच्या अंगणात पेरूच्या झाडापाशी बाबांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली. त्यांचा चेहरा समोर असतानाच तिने सांगितलं होतं: मी आपली टेशनं म्हणते, तुम्ही मागून म्हणा, आवाज बारीक करत जाईन. आपली टेशनं म्हणजे रायपूरहून तुमसरपर्यंतची. बाबांचं गाव तुमसर. दर दिवाळीला पासावर सगळे जायचे आणि खिडकीशी बसून ती बाबांबरोबर टेशनं म्हणायची, गाडी थांबो न थांबो. तेव्हा बाबा आधी म्हणायचे आणि ती मागून.

''सरस्वतीनगर,'' ती म्हणाली.

''सरस्वतीनगर,'' भिंत म्हणाली.

''सरोना.'' ''सरोना.'' तिने आवाज खाली आणला. ''कुम्हारी.'' ''कुम्हारी.'' अजून खाली, बसमध्ये शेजारणीशी बोलावं तसा. ''चरोदा.'' ''चरोदा.'' ती कुजबुजली, ''पॉवर हाऊस,'' आणि बाबांनी न अडखळता पॉवर हाऊस म्हटलं. तिला इतका आनंद झाला की तिने दाराची चौकट धरली. जाळी काम करत होती. इतकं स्वच्छ उत्तर लॅबमध्ये कधी येत नाही, आणि आलं की आधी संशय घ्यायचा असतो, हे तिला तेव्हा आठवलं नाही. तिने पुढचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि मागे कुकरची शिटी वाजली, आईने आतून गॅस बारीक करायला हाक मारली, ती वळली, हात लांब करून तिने बटण फिरवलं. ती काहीच बोलली नव्हती.

''दुर्ग,'' बाबा भिंतीला म्हणाले.

ती तशीच उभी राहिली, हात गॅसच्या बटणावर. थोडी वाट पाहून, जेवढी दोन नावांमध्ये जात होती तेवढीच, बाबा म्हणाले, ''राजनांदगाव.'' मग ''डोंगरगड''. ते एकटेच निघाले होते. पेरूच्या झाडाखाली, डोक्याला पिवळ्या काठाची पट्टी, हात मागे बांधलेले, एकेक टेशन घेत ते गावाकडे चालले होते आणि त्यांच्या मागे कोणी बोलत आहे असा त्यांचा पूर्ण विश्वास होता. आमगावला पोचेपर्यंत ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. हळूच पट्टी त्यांच्या डोक्यावरून काढली. त्यांना वाटलं, आता पट्टीशिवायची पाळी आहे; ते तसेच उभे राहिले, भिंतीकडे तोंड करून, शहाण्या मुलासारखे. ''बाबा,'' ती म्हणाली. नेहमीच्या आवाजात. मग मोठ्याने, ''बाबा.'' पेरूच्या फांदीवरून एक साळुंकी उडाली. बाबांनी साळुंकीकडे पाहिलं. मग बराच वेळ झाला म्हणून ते वळले आणि तिच्या तोंडाकडे पाहत म्हणाले, ''झालं का? पास?''

''पास,'' ती म्हणाली.

वजन करण्याआधी तराजूवरचं सगळं काढून शून्य बघायचं असतं. हे ती नव्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवायची. रिकाम्या पारड्यावर काटा शून्यावर नसेल तर पुढचे सगळे आकडे खोटे. तिने पट्टी मोजली, भोकं मोजली, लोकरीतून कोणता आवाज जातो याचा विचार केला, आणि पारडं रिकामं करून कधी बघितलंच नाही. आता बसमध्ये, रुंद रस्त्यावर, दोन्ही बाजूंना तीच रिकामी मैदानं सरकत असताना, तिला मागचे आकडे एकेक करून आठवू लागले. बाबांचं 'हव'. छत्तीसगढी 'हव', म्हणजे हो. तुमसरच्या माणसाच्या तोंडी तो कधी येऊन बसला कोणाला कळलं नाही. एम.एस्सी. करू का? हव. ते स्थळ नको म्हणून सांगा. हव. सगळ्या मैत्रिणींचे बाप नाही म्हणायचे, तिचे कधी म्हणाले नाहीत. तिने त्यातून एक माणूस तयार केला होता, शांत, उदार, कमी बोलणारा, पोरीवर सोडून देणारा. गौतमचं संपलं तेव्हा ती हे दुसऱ्या कोणाला सांगू शकली नव्हती. एका संध्याकाळी स्कूटरवर मागे बसून, बाबांच्या पाठीकडे बघत, तिने सगळं सांगितलं होतं. की असा एक मुलगा होता, की आता नाही, की तिला रात्री झोप येत नाही. समोर बघणाऱ्या माणसाला सांगणं सोपं जातं. बाबांनी थोडा वेळ जाऊ दिला आणि म्हणाले, ''हव, बेटा.'' एवढंच. उपदेश नाही, प्रश्न नाही. त्या 'हव, बेटा'वर ती कितीतरी दिवस जगली होती. त्यांना माहीत आहे आणि तरी ते काही म्हणत नाहीत, हे तिच्या मनात गरम विटेसारखं राहिलं होतं. आता त्या जागी हात घातला तर काय होतं? वारा, स्कूटरचा आवाज, आणि मागून काहीतरी बोलते आहे एवढंच कळलेला एक माणूस, जो शहाणपणाने त्याला येत असलेलं एकच उत्तर देतो.

तिला स्वतःची लाज वाटली. माणूस रुळांवर चालतो आहे आणि ती एका जुन्या संध्याकाळसाठी रडते आहे. पण दोन्ही एकत्रच येत होतं, वेगळं करता येत नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी खुंटीवरची पट्टी हातात घेतली तेव्हा तिला बोटांना काहीतरी वेगळं लागलं. कानांच्या जागची जाळी बंद होती. राखाडी लोकरीचंच, क्रोशाने विणलेलं, पाकळ्यापाकळ्यांचं एक एक फूल दोन्हीकडे शिवलेलं होतं, इतकं नेटकं की टाका दिसत नव्हता. मागून अस्तरही होतं. ती स्वयंपाकघरात गेली. आई तिवऱ्याची पालेभाजी निवडत बसली होती.

''हे काय केलं, आई?''

''काय केलं? हवा जाऊन राहिली होती कानात. दोन फुलं लावून देल्ले. बुवाच्या डोक्यावर फूल बरं नाही दिसत म्हणून त्याच रंगाचे लावले.''

''ते भोकं मी मुद्दाम ठेवले होते. ऐकू यावं म्हणून.''

आई खाली बघत पानं खुडत राहिली. ''उघडे ठेवले काय न झाकले काय,'' ती म्हणाली. ''निदान थंडी तं नाही लागन.''

बाहेर कोणाच्या तरी घरी टीव्हीवर जाहिरात चालली होती. देवश्री खाली बसली. ''तुले माहीत होतं?''

''मी त्यायच्या संग जगून राहिली, देवू. तुले काय वाटते, जेवताना मी समोर काहून बसते? पहिले बाजूले बसत होते.'' तिने एक पिवळं पान काढून टाकलं. ''पहिले शिटी गेली. मंग पोट्ट्यासोट्ट्याचे आवाज. मंग माह्या. आता तोंड पाहून चालून राहिलं. मागच्या मेडिकलले चांगले होते, पास झाले. नंतर उतरलं.''

''मग सांगायचं ना ऑफिसात. दुसरी ड्यूटी देतात. पगार तोच राहतो.''

''मले मालूम आहे. पगार तोच, क्वार्टर तोच. हापिसात बसवतीन.'' आई पहिल्यांदा वर बघून बोलली. ''साहेब म्हणन, श्यामराव, पाणी आणा. यायले ऐकूच नाही येणार. साहेब पुन्हा म्हणन. मंग बाकीचे हासतीन. रोज हासतीन. रुळावर कोणी हासत तं नाही ना. एकटा माणूस, आपला चालते. उन्हाळ्यात मेडिकल आहे, तवा निघन जे निघाचं ते. हा हिवाळा जाऊ दे.''

''धुकं हिवाळ्यातच असते, आई.''

आईने भाजीची परात उचलली आणि नळाखाली धरली. पाणी पत्र्यावर पडायला लागलं. त्या आवाजात बोलता येत नाही, हे दोघींना माहीत होतं.

त्यानंतर दररोज सकाळी बाबा निघाले की देवश्री जागी व्हायची. फाटकाची कडी वाजायची, मग बुटांचा आवाज, मग काही नाही. कॉलनीच्या पलीकडे उरलाकडच्या कारखान्यांचा धूर धुक्यात मिसळून सगळं एकाच राखाडी रंगाचं झालेलं असायचं. रूळ, माणूस, आभाळ. त्या रंगात राखाडी पट्टी बांधलेलं एक डोकं. नियमाला भिऊन ते पट्टी साहेबांसमोर काढून खिशात घालत असतील आणि पुढे जाऊन पुन्हा चढवत असतील. आणि जर कोणी विचारलंच, काय हो, ऐकू नाही आलं का, तर बोट पट्टीला लावून हसत असतील. तिने त्यांना गरम कानांपेक्षा जास्त काहीतरी विणून दिलं होतं. तिने त्यांना कारण विणून दिलं होतं. हा विचार आला की ती उठून बसायची, पण उठून करायचं काय ते ठरत नसे. तीन लाइनी. एकीवरून माल, एकीवरून पॅसेंजर, तिसरी नवी, जिच्यावर कधी काय येईल सांगता येत नाही. एका गाडीला वाट द्यायला माणूस दुसऱ्या लाइनीत सरकतो, आणि तिथेच मरतो. हे भैय्यालालने सांगितलं होतं, चहा पिता पिता, दुसऱ्या कोणाबद्दल.

बाबांच्या रेस्टच्या आदल्या संध्याकाळी ती त्यांच्यासमोर पायरीवर बसली. मध्ये सुपात शेंगा होत्या, दोघं सोलत होते. तिने मान वर करून, ओठ नीट हलवत म्हटलं, ''बाबा, तुम्हाले ऐकू नाही येत.''

बाबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. वाचलं. मग हातातल्या शेंगेची शीर ओढून काढली. ''आईनं सांगतलं?''

तिने मान हलवली. नाही.

''पायाले येते,'' बाबा म्हणाले. ''बुटातून. गाडी लांब असते तवाच गिट्टी सांगते. तू फिजिक्स शिकली ना? लोखंडातून आवाज पहिले येते ना? मंग.'' आणि ते तिच्याकडे असे बघायला लागले की तिला वाटलं, हे परीक्षेत बसलेले आहेत आणि पेपर आपल्या हातात आहे. लोखंडातून आवाज हवेपेक्षा कितीतरी वेगाने येतो, हे खरं होतं. कितीही खरं असलं तरी तो रुळात असतो, बुटात नाही. मध्ये रबर असतं, काँक्रीट असतं, खडी असते. पण थोडं पोचत असेलही. माणसाचा पाय आयुष्यभर तेच शिकला असेल तर काय काय ओळखत असेल, कोणी मोजलंय? तिला विश्वास ठेवायची इतकी इच्छा झाली की तिने खाली बघून शेंगा गोळा करायला सुरुवात केली. खाली बघतच ती म्हणाली, ''पण तीन लाइनी आहेत, बाबा. कोणत्या लाइनीवर येऊन राहिली, हे पाय सांगते का?''

''हव,'' बाबा म्हणाले.

तिचा हात थांबला. तिने मान वर केली नाही. सुपातल्या दाण्यांकडे बघत, त्याच आवाजात ती म्हणाली, ''मी तुमच्या ऑफिसात सांगून देऊ का?''

''हव, बेटा.''

संध्याकाळ होती, उजेड अजून होता. वर बघितलं असतं तर त्यांचा चेहरा दिसला असता, तो मायाळू, ऐकतो आहे असा चेहरा. तिने बघितलं नाही. ही परवानगी नव्हती, हे तिला कळत होतं. आणि पुन्हा तोंड दाखवून विचारलं तर ते नाही म्हणतील, हेही. आयुष्यात पहिल्यांदा. ती सूप घेऊन आत गेली.

सकाळी ऊन पडायला उशीर लागला. बाबा मागच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, घराकडे पाठ करून, फुलांची पट्टी डोक्याला. भिंतीपलीकडे शेजारच्या मायाकाकू खाटेवर धोतर अंथरून रखियाच्या बड्या, म्हणजे कोहळ्याचे सांडगे, घालत होत्या; पिठाचा गोळा, बोटांनी सोडलेला, पुन्हा गोळा. देवश्रीने लॅबमध्ये सुट्टी सांगितली होती. आत फोनला रेंज येत नव्हती, नेहमीसारखी, म्हणून ती मागच्या दाराच्या पायरीवर आली. आई ओट्यापाशी होती. तिने फोनकडे पाहिलं. पोळीचा उंडा हातात धरून नुसती थांबली.

फोनवर बाबांच्या ऑफिसातला कोणीतरी क्लार्क होता. ''हाँ, बोलिए.''

''मैं कीमैन श्यामराव बोरकुटे की लड़की बोल रही हूँ,'' ती हळू म्हणाली. ''उनके बारे में कुछ बताना था. उनको ड्यूटी पर मत भेजिए. उनको ठीक से–''

''कौन? आवाज नहीं आ रही.'' पलीकडे मालगाडी चालली होती, डब्यामागून डबा, तिला इथेही ऐकू येत होती. ''जरा जोर से बोलिए, मैडम.''

तिने बाबांच्या पाठीकडे पाहिलं. निळा स्वेटर, पट्टीचा मागचा जोड, जिथे तिने टाके बंद करून दोन टोकं शिवली होती. ती मोठ्याने म्हणाली, ''मेरे पिताजी को सुनाई नहीं देता.''

''क्या नहीं देता?''

''सुनाई!'' ती ओरडली. ''सुनाई नहीं देता! बिलकुल नहीं! कल उनको लाइन पर मत भेजिए!''

मायाकाकूंचा हात पिठात थांबला. समोरच्या क्वार्टरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी कोणी बाई वाकून बघायला लागली.

''किसको? नाम बताइए, पूरा नाम.''

''श्यामराव!'' देवश्री ओरडली. तिने कधी बापाला नावाने हाक मारली नव्हती, कोण मारतं? ''श्यामराव बोरकुटे! श्यामराव!'' नाव भिंतीवरून, खाटेवरून, पेरूवरून गेलं, सगळ्या कॉलनीत गेलं. बाबांनी खुर्ची थोडी उचलली आणि सरकत आलेल्या उन्हात नीट ठेवली. बसून त्यांनी पाय लांब केले.

''हाँ, अब आया,'' क्लार्क म्हणाला. ''बोरकुटे. लिख लिया. आगे बोलिए.''

ती पुढे बोलत होती, काय ते तिला नंतर आठवलं नाही. आई तिच्या खांद्याला घासून पायऱ्या उतरून गेली, हाताला पीठ तसंच. अंगण ओलांडून ती खुर्चीसमोर गेली आणि बाबांच्या उन्हात उभी राहिली. बाबांनी मान वर केली आणि तिच्या तोंडाकडे बघू लागले.